नादकाट्यांना बोलते करणारे हेल्महोल्ट्झ

यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या नववीच्या मुलांनी आर्डुइनोच्या छोट्या बोर्डातून 120 हर्ट्झचा आवाज काढून दाखविला. आवाज मधुर नव्हता, चांगलाच खरखरीत होता. बोर्डाची पिन 5 व्होल्ट देते किंवा शून्य. मधले काही नाही. या चालू-बंदमुळे 120 सोबत 360, 600 असे वरचे स्वरही निघतात. (आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, त्यामुळे 'वारंवारते'ला अजून 'आवृत्ति' म्हणून जातो आणि मुले हसतात.) या खरखरीचा उपयोग काय, असे एका पालकांनी विचारले. तेव्हा आम्हाला हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ आठवले.

त्यांचा जन्म 31 ऑगस्ट 1821 रोजी जर्मनीतील पॉट्सडॅम येथे झाला. वडील शिक्षक, घरची परिस्थिती बेताची. मुलाला भौतिकशास्त्राची ओढ, पण खर्च झेपणारा नव्हता. लष्करात नोकरी करण्याच्या अटीवर डॉक्टरकीचे शिक्षण सरकारी खर्चाने मिळत असे. 1838 साली ते त्यासाठी बर्लिनला गेले. लष्करी डॉक्टर असतानाच त्यांनी 1847 साली ऊर्जेच्या अक्षय्यतेवर लेख लिहिला. एका नामांकित नियतकालिकाने तो नाकारला, म्हणून पुस्तिका काढावी लागली! 1851 साली त्यांनी डोळ्याचा आतला पडदा पाहण्याचे उपकरण जाहीर केले.

हायडेलबर्गला प्राध्यापक असताना, 1863 साली, त्यांचा ध्वनीवरील ग्रंथ निघाला. त्यातील एक प्रयोग आमच्या मुलांच्या बोर्डाचा आजोबाच म्हणावा. एक नादकाटा सेकंदाला सुमारे 120 वेळा वीजप्रवाह जोडी-तोडी. हा तुटक प्रवाह विद्युतचुंबकांतून दुसऱ्या नादकाट्यांना हलवी. कुणी 120 ला वाजे, कुणी दुपटीला, कुणी तिपटीला. प्रत्येकापुढे पोकळ नळी, तिला झाकण. झाकण कमीजास्त उघडून स्वरांचे प्रमाण बदलले की 'उ', 'ओ' असे उच्चार ऐकू येत. ग्रॅहम बेल यांची जर्मन भाषा कच्ची होती. हे उच्चार तारेने दूर पाठविले आहेत, असा त्यांनी चुकीचा अर्थ लावला आणि त्याच वाटेने पुढे 1876 साली टेलिफोनपर्यंत पोहोचले.

भौतिकशास्त्राचे प्राध्यापकपद हेल्महोल्ट्झ यांना 1871 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, बर्लिनमध्ये मिळाले. तेथे त्यांना हाइनरिक हर्ट्झ हा शिष्य लाभला. वारंवारतेच्या एककाला आज त्याचेच नाव आहे. हर्ट्झ 1 जानेवारी 1894 रोजी, अवघ्या 36 व्या वर्षी गेला. त्याच्या अखेरच्या पुस्तकाला प्रस्तावना गुरूंनी लिहिली. त्याच वर्षी 8 सप्टेंबरला तेही गेले.