रविवारच्या सुट्टीमागचा माणूस : नारायण मेघाजी लोखंडे

रविवारी सुट्टी का असते, असं मुलांना विचारून पाहा. बहुतेक मुलं म्हणतील, असतेच की! पण मुंबईच्या गिरणी कामगारांना ही सुट्टी आपोआप मिळाली नाही. त्यासाठी सहा वर्षं झगडावं लागलं. त्या झगड्याचे पुढारी होते नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात, साध्या माळी कुटुंबात झाला. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. रेल्वे आणि पोस्ट खात्यात नोकरी केल्यावर ते मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. तिथे त्यांनी कामगारांचे हाल जवळून पाहिले. कोकणातून आणि घाटावरून आलेली ही माणसं. गावाकडे दुष्काळ आणि सावकाराचं कर्ज, म्हणून गिरणी धरलेली. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, हक्काची आठवडी सुट्टी नाही, पगार वेळेवर नाही. काम सोडायचं तर घरी खायचं काय? म्हणून बहुतेक जण मुकाट्याने राबत. त्याला भित्रेपणा म्हणता येणार नाही, ती पोटाची अडचण होती.

लोखंडे यांचं पोट मात्र भरत होतं. बैठं काम, ठरलेला पगार. ते गप्प राहू शकले असते. पण ते महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांचे होते. १८८० साली त्यांनी ‘दीनबंधु’ हे वर्तमानपत्र चालवायला घेतलं आणि त्यातून कष्टकऱ्यांची बाजू मांडायला सुरुवात केली.

१८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा आला. त्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी झाली, पण मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांना मर्यादा नव्हती. १८८४ साली लोखंडे यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परळ भागात कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या अशा होत्या :

१. दर रविवारी सुट्टी.
२. दुपारी अर्धा तास विश्रांती.
३. सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम.
४. महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मागचा पगार.
५. कामावर जखमी झाल्यास बरं होईपर्यंत पगार, कायमचं अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय.

यात गिरण्या बंद करा असं कुठेच नाही. कारण गिरणी बंद पडली तर कामगाराची चूल विझणार, हे त्यांना ठाऊक होतं. गिरणी चालावी, पण माणूस पिळून नको, एवढंच म्हणणं.

तेही सोपं नव्हतं. असे कायदे म्हणजे देशी गिरण्या बुडवण्याचा मँचेस्टरवाल्यांचा डाव, असं त्या काळी अनेक सुशिक्षित देशभक्तांना वाटे. त्या संशयात तथ्यही होतं, कारण इंग्लंडच्या गिरणीमालकांना इथली स्पर्धा नको होती. पण मालक देशी असला म्हणून कामगाराचा थकवा कमी होत नाही, ही बाजू लोखंडे यांनी सोडली नाही.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. दोन कामगार स्त्रियाही तिथे बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्यातही आठवडी सुट्टी आली आणि स्त्रिया व मुलांच्या कामाच्या तासांवर मर्यादा आली.

लोखंडे यांच्या संघटनेकडे वर्गणी नव्हती की निधी नव्हता. सभा, सह्या आणि अर्ज एवढीच साधनं. सरकारने १८९५ साली त्यांना रावबहादूर केलं, म्हणून ते सरकारी माणूस होते असा शेरा कोणी मारेल. पण मुंबईत प्लेग आला तेव्हा ते रोग्यांच्या सेवेत राहिले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच प्लेगने गेले.

व्यवस्थेत राहायचं की तिच्याशी भांडायचं, असे दोनच रस्ते आपण मुलांसमोर ठेवतो. लोखंडे यांनी आत राहून भांडण केलं, कारण ज्यांच्यासाठी ते भांडत होते त्यांना बाहेर पडायला जागाच नव्हती.

वर्गात चर्चेसाठी : आज आपल्या आजूबाजूला कोणाला आठवड्याची सुट्टी मिळत नाही? ते काम का सोडत नाहीत? मुलांना घरी विचारून यायला सांगा.