देवळालीचे गणितानंद : द. रा. कापरेकर

कोणतीही चार अंकी संख्या घ्या. फक्त तिचे चारही अंक सारखे नसावेत. त्या अंकांपासून होणाऱ्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान संख्या वजा करा. उत्तर तीन अंकी आल्यास डावीकडे शून्य मांडा आणि तीच कृती पुन्हा करा. ३५२४ पासून आरंभ केल्यास ३०८७, ८३५२ आणि ६१७४ अशी उत्तरे येतात. ६१७४ मात्र पुढे हलत नाही. फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या येथेच विसावते. १९४६ मध्ये हा स्थिरांक शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर विद्यापीठातील प्राध्यापक नव्हते. ते शाळामास्तर होते.

१७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे जन्मलेल्या कापरेकरांचे मातृछत्र आठव्या वर्षीच हरपले. कारकुनी करणाऱ्या वडिलांना ज्योतिषाचा नाद होता. त्यातूनच मुलाला आकडेमोडीची गोडी लागली. ठाण्यातील शालेय शिक्षणानंतर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले आणि १९२९ मध्ये ते पदवीधर झाले. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत अध्यापन केले.

पदव्युत्तर शिक्षण नाही, संशोधनासाठी सवड नाही. तरीही त्यांचा अंकांशी संवाद अखंड चालू होता. २९७ चा वर्ग ८८२०९. त्याचे ८८ आणि २०९ असे भाग करून बेरीज केली की पुन्हा २९७! अशा संख्या आज ‘कापरेकर संख्या’ म्हणून ओळखल्या जातात. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’ हे नाव दिले, तर एका संख्यासमूहाला ‘डेमलो’ या रेल्वे स्थानकाचे.

हे सारे म्हणजे करमणूक, अशी अनेक भारतीय गणितज्ञांची धारणा होती. त्यामुळे कापरेकरांनी पदरमोड करून पुस्तिका छापल्या. निवृत्तीनंतर तुटपुंजे निवृत्तिवेतन पुरेना, तेव्हा त्यांनी शिकवण्या केल्या. अखेर मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या स्तंभात त्यांच्या कार्याचा परिचय करून दिला आणि हे नाव जगभर पोहोचले. तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती.

१९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले. आज संगणकाचे विद्यार्थी ६१७४ वर आज्ञावली लिहितात. घरच्यांनी उशिरा ओळखलेल्या या शिक्षकाचे नाव जगाच्या गणितात मात्र कायम कोरले गेले आहे.