घटपर्णीचे पोट तपासणारा हूकर

घटपर्णी गर्द सावलीत ठेवली तर तिचे घट हिरवटच राहतात. पुरेसा उजेड मिळाला की अँथोसायनिन हे रंगद्रव्य वाढते आणि घटांवर लाली चढते. (शेंद्र्याच्या मे महिन्यातल्या दुपारी मात्र लाली नव्हे, होरपळच!)

भारतात रानात वाढणारी एकमेव घटपर्णी मेघालयातली. तिला ‘नेपेंथिस खासियाना’ हे शास्त्रीय नाव दिले जोसेफ हूकर यांनी. जन्म १८१७, इंग्लंडमधला. अंटार्क्टिकाची सफर करून आलेला हा माणूस १८४८ मध्ये भारतात उतरला. वनस्पती गोळा करत हिंडताना १८४९ मध्ये सिक्कीममध्ये त्यांना कैद झाली. सुटले आणि पुढच्याच वर्षी खासी टेकड्यांच्या पावसात हजर. १८६३ मध्ये सहा वर्षांची लेक गेली. दोन वर्षांनी ते क्यू उद्यानाचे संचालक झाले.

मित्र डार्विन मागे लागले म्हणून त्यांनी घटांत उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, मांसाचे तुकडे टाकून पाहिले. ते हळूहळू विरघळले. वनस्पती शिकार पचवते, हे त्यांनी १८७४ मध्ये बेलफास्टच्या परिषदेत मांडले. १९११ मध्ये ते वारले.

खासी टेकड्यांतली ती घटपर्णी आज संकटात आहे. रोप घेताना ते रानातून उपटलेले नाही ना, हे नर्सरीवाल्याला विचारा.