पुस्तकं बांधता बांधता

लंडनमध्ये एलिफंट अँड कासल नावाचा भाग आहे. तिथल्या चौकात स्टीलच्या पत्र्यांनी मढवलेली एक मोठी चौकोनी पेटी उभी आहे. कामाला जाता-येता कित्येक वर्षं मी ती बघत होतो. पाण्याची टाकी असावी, असाच माझा समज. मागच्या वर्षी मुलीने सांगितलं, बाबा, ते मायकेल फॅरडेचं स्मारक आहे आणि आत भुयारी रेल्वेचा ट्रान्सफॉर्मर आहे. मी गप्पच झालो. फॅरडेचा नियम मी बारावीला घडाघडा पाठ केला होता, मार्कही चांगले पडले होते. पण हा माणूस कोण, कुठला, हे काही माहीत नव्हतं. मग शोधायला लागलो. जे कळलं ते इथे सांगतो.

याच परिसरात 22 सप्टेंबर 1791 रोजी मायकेलचा जन्म झाला. वडील लोहार, तेही सतत आजारी. घरात खायची भ्रांत. शाळा म्हणाल तर लिहिणं, वाचणं आणि थोडे हिशेब, बस्स. तेराव्या वर्षी तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवर रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला. घरोघर वर्तमानपत्रं पोचवायची, वाचून झाली की परत आणायची. वर्षभरात मालकाने त्याला पुस्तकबांधणी शिकायला ठेवून घेतलं, सात वर्षांच्या करारावर. अशा शिकवणीसाठी तेव्हा पैसे भरावे लागत. पोराचं इमानी काम बघून रिबोंनी ते घेतले नाहीत.

इथेच सगळी गंमत सुरू झाली. बांधायला आलेली पुस्तकं हा पोरगा वाचायला लागला. ब्रिटानिका विश्वकोशातला विजेवरचा लेख त्याच्या हाती आला. मग जेन मार्सेट या बाईंनी लिहिलेलं, गप्पांमधून रसायनशास्त्र सांगणारं पुस्तक. पण नुसतं वाचून त्याचं समाधान होत नसे. छापलंय म्हणून खरं कसं मानायचं? चार पैसे जमवून सामान आणायचं आणि प्रयोग स्वतः करून बघायचा. बाटल्या वापरून त्याने घर्षणाने वीज तयार करणारं छोटं यंत्र केलं. 1812 च्या उन्हाळ्यात अर्ध्या पेनीची सात तांब्याची नाणी, तेवढ्याच आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या आणि मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद, असा घरगुती सेल रचला. त्यातून निघालेल्या विजेने त्याने मॅग्नेशियम सल्फेटचं विघटन केलं. सात नाण्यांत! त्याच्या वयाच्या मुलाला एवढा आनंद दुसऱ्या कशात झाला असेल, असं वाटत नाही.

संध्याकाळी टेटम नावाच्या गृहस्थांच्या घरी विज्ञानाची व्याख्यानं होत. प्रवेशाला एक शिलिंग. तो थोरला भाऊ रॉबर्ट द्यायचा, जो स्वतः लोहारकाम करायचा. मायकेल टिपणं काढायचा, आकृत्या काढायचा. त्या वह्या दुकानात येणाऱ्या डान्स नावाच्या एका गिऱ्हाइकाच्या नजरेस पडल्या. त्यांनी त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हंफ्री डेव्हींच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे त्या काळचे सर्वात गाजलेले रसायनशास्त्रज्ञ. मायकेलने सगळं टिपून घेतलं, स्वच्छ लिहून काढलं, स्वतःच्या हाताने त्याचं पुस्तक बांधलं आणि डेव्हींना पाठवून दिलं. पुस्तकबांधणी अशी कामी आली!

डेव्हींनी भेटायला बोलावलं खरं, पण नोकरी नव्हती. धंदा सोडू नकोस, असाच सल्ला मिळाला. पुढे प्रयोगशाळेतला एक मदतनीस मारामारी करून कामावरून गेला आणि डेव्हींना या पोराची आठवण झाली. मार्च 1813 मध्ये फॅरडे तिथे रुजू झाले. आठवड्याला 25 शिलिंग आणि माडीवर राहायला दोन खोल्या. त्याच वर्षी डेव्हींबरोबर दीड वर्षाचा युरोपचा दौरा झाला. अँपियर, व्होल्टा अशी माणसं भेटली, पण डेव्हींचा नोकर आयत्या वेळी आला नाही म्हणून कपडे-सामानाची कामंही फॅरडेंवरच पडली. डेव्हींच्या पत्नी त्यांना नोकरासारखंच वागवत. अपमान गिळून ते शिकत राहिले.

1821 मध्ये त्यांनी पाऱ्याच्या भांड्यात चुंबक उभा केला आणि वरून तार लोंबती सोडली. वीज सोडताच तार चुंबकाभोवती फिरायला लागली. आज आपल्या मिक्सरपासून लोकलपर्यंत जी मोटर फिरते, तिचं मूळ तिथे आहे.

आता प्रश्न उलटा होता. विजेने चुंबकत्व मिळतं, तर चुंबकाने वीज का मिळू नये? त्यावर दहा वर्षं गेली. अधूनमधून प्रयोग केले, फसले, वहीत फसल्याची नोंद केली. अखेर 29 ऑगस्ट 1831 रोजी त्यांनी लोखंडाच्या एका कड्यावर दोन बाजूंना तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळली. तारांना आजच्यासारखं आवरण नव्हतं, म्हणून वेढ्यांच्या मधे सुती दोरा आणि थरांच्या मधे कापड घातलं. एका वेटोळ्याला सेल जोडला, तसं दुसऱ्या बाजूची चुंबकसुई हलली आणि पुन्हा जागेवर आली. सेल काढला, तेव्हा परत हलली. मधल्या वेळात काहीच नाही. वीज नुसत्या चुंबकातून येत नाही, बदलातून येते, हे त्या इवल्याशा हालचालीतून त्यांनी ओळखलं. पुढच्या दोन महिन्यांत वेटोळ्यात चुंबक आतबाहेर करून आणि चुंबकाच्या टोकांमध्ये तांब्याची चकती फिरवून त्यांनी वीज काढून दाखवली. आपल्या लहानपणी सायकलच्या चाकाला घासणारा डायनॅमो होता ना, तो याच घराण्यातला.

विशेष म्हणजे त्यांना गणित जवळजवळ येत नव्हतं. लोखंडाचा कीस चुंबकाभोवती जसा रांगेत बसतो, तशा रेषा त्यांना मोकळ्या जागेतही दिसायच्या. त्या कल्पनेला गणिताची भाषा पुढे मॅक्सवेल यांनी दिली.

नाव झालं, पण माणूस बदलला नाही. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद त्यांनी नाकारलं. मुलांसाठी नाताळातल्या व्याख्यानांच्या मात्र 19 मालिका दिल्या. 1825 मध्ये सुरू झालेली ही प्रथा, महायुद्धातली काही वर्षं सोडली तर, आजही चालू आहे. उतारवयात स्मरणशक्ती दगा देऊ लागली. 25 ऑगस्ट 1867 रोजी ते गेले. हायगेटच्या दफनभूमीत त्यांची साधीशी कबर आहे.

हे सगळं वाचल्यावर मला आधीची एक रात्र आठवली. मुलगी जेवणाच्या टेबलावर सेल, दोन सेफ्टी पिना, चुंबक आणि तांब्याची तार घेऊन बसली होती. परीक्षा तोंडावर, म्हणून मी ओरडलो, हा पसारा आवर आणि पेपर सोडव. तिने निमूटपणे आवरलं.

परवा मीच तो डबा काढून तिच्यापुढे ठेवला. तारेच्या एका टोकाचं आवरण पूर्ण खरवडायचं आणि दुसऱ्याचं एकाच बाजूने, असं ती म्हणाली. का, ते मला सांगता येईना. तिने समजावलं, अर्ध्या फेरीत वीज तोडली नाही तर वेटोळं मागे खेचलं जातं आणि अडकतं. मग तिने बोटाने हलकेच टिचकी मारली आणि ते गरगर फिरायला लागलं. चांगले मार्क मिळवूनही वयाच्या पन्नाशीत मी ते पहिल्यांदा बघत होतो.