नामदार गोखल्यांचा प्रामाणिकपणा

तुमच्यापैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांनी ज्या पुस्तकावरून त्रैराशिके व व्याजाची उदाहरणे सोडविली, ते अंकगणित गोखल्यांचे असण्याचा संभव फार आहे. हे पुस्तक लिहिणारे प्राध्यापक पुढे देशाचे पुढारी झाले. त्यांच्या प्रामाणिकपणाची ओळख आपणांस बहुधा एकाच गोष्टीने असते, आणि तीही बालपणीच्या.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. वडील कागल येथे नोकरीस होते. ते १८७९ मध्ये निवर्तले. तेव्हा वडील बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतील ८ रुपये ते दरमहा धाकट्या भावास धाडू लागले. ज्याच्या शिक्षणासाठी दुसऱ्याचे शिक्षण थांबले, त्या मुलास परीक्षेतील यशाचे मोल किती वाटत असेल, हे सांगावयास नको.

चरित्रकार सांगतात की, एकदा गुरुजींनी घरी सोडविण्यास दिलेले कठीण उदाहरण एकट्या गोपाळचे बरोबर आले. गुरुजींनी त्याला वर्गात वरच्या जागी बसविले, तोच तो रडू लागला. उदाहरण दुसऱ्याच्या साहाय्याने सोडविले होते, आणि ती जागा आपली नव्हे, हे त्याने भर वर्गात सांगून टाकले. गोष्ट गोड आहे. पण तीत मुलगा खरे बोलतो व सर्वांस प्रिय होतो. खरे बोलून अप्रिय होण्याचा प्रसंग त्याच्यावर एकतिसाव्या वर्षी आला.

१८८४ मध्ये बी. ए. होऊन ते पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये व नंतर फर्ग्युसन कॉलेजात शिकवू लागले. तेथेच त्यांना न्यायमूर्ती रानड्यांसारखे गुरू लाभले. लेखातील प्रत्येक आकडा मूळ सरकारी अहवालाशी ताडून पाहावा, ही रानड्यांची शिस्त. तिच्याच बळावर १८९७ मध्ये गोखल्यांनी लंडनमध्ये वेल्बी कमिशनपुढे दिलेली साक्ष गाजली.

त्याच वेळी इकडे पुण्यात प्लेगने थैमान घातले होते, आणि घरोघर झडत्या घेणाऱ्या गोऱ्या सोल्जरांविषयी लोकांत संताप होता. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून गोखल्यांनी मँचेस्टर गार्डियन या पत्राच्या प्रतिनिधीस सांगितले की, दोन स्त्रियांवर अत्याचार झाला असून त्यांपैकी एकीने जीव दिला. विलायतेत एकच गहजब झाला. सरकारने पुरावा मागितला.

जुलैअखेर गोखले मुंबईस उतरले तेव्हा काळ विलक्षण कठीण होता. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली होती. २७ जुलैला टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली होती. अशा वेळी पत्र लिहिणाऱ्यांपैकी कोण पुढे येणार? त्यांची नावे उघड केली असती तर जबाबदारीचा बराच भार गोखल्यांच्या शिरावरून उतरला असता. त्यांनी एकही नाव उघड केले नाही. मात्र जे सिद्ध करता येत नाही ते आपण बोललो, हे मान्य करून ऑगस्टच्या आरंभी त्यांनी जाहीर माफी मागितली.

टिळक तुरुंगात आणि गोखले माफी मागतात, हे लोकांस सहन झाले नाही. भित्रेपणाचा शिक्का बसला, उपहास झाला. माझ्या मते त्या माफीची भाषा गरजेहून अधिक विनम्र होती. सोल्जरांच्या हातून जुलूम मुळीच झाला नाही, असे कोण म्हणेल? पण जुलूम झाला असेल असे वाटणे वेगळे आणि अमुक घडले असे छातीठोक सांगणे वेगळे, हा भेद त्यांनी मोडू दिला नाही. माफीनंतर ते घरात बसून राहिले नाहीत. प्लेगनिवारणाच्या कामास लागले. १८९९ मध्ये ते मुंबई कायदेमंडळावर निवडून आले.

पुढे ते मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. तेथे २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकारी शिल्लक ही सुबत्तेची खूण नसून रयतेवर लादलेल्या जास्त करांची खूण आहे, असे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले. देशभर वाहवा झाली. त्या भाषणामागे गणेश व्यंकटेश जोशी या शिक्षकी पेशातील अर्थशास्त्रज्ञाचे मोठे साहाय्य होते. सभागृहात कोणी हे विचारले नाही, विचारणारही नव्हते. गोखल्यांनी मात्र जोशींना पत्राने कळविले की, भाषण माझ्यापेक्षा तुमचेच अधिक आहे, आणि सारे श्रेय एकट्याने घेताना आपण लोकांची जणू फसवणूक करीत आहो असे वाटते.