एकट्यालाच दिसलेला डाग

लंडनमध्ये एके काळी असा एक डॉक्टर होता की, तो साक्षीला उभा राहिला म्हणजे आरोपीच्या आप्तांनी आशा सोडावी. सर बर्नार्ड स्पिल्सबरी हे त्यांचे नाव. जन्म १८७७ चा. १९१० साली क्रिपेन खटल्यात कातडीच्या तुकड्यावरचा व्रण त्यांनी ओळखला आणि त्यांची कीर्ती झाली. १९२३ मध्ये ते ‘सर’ झाले. उंच, देखणे, मितभाषी. हजारो प्रेते त्यांनी तपासली, पण बहुधा एकट्यानेच! मला हे एकटेपण खटकते.

१९२५ च्या थॉर्न खटल्यात प्रश्न मानेचा होता. मुलीने गळफास घेतला, असे आरोपीचे म्हणणे. गळफासाचा वळ सहसा तिरपा, कानामागे चढत गेलेला असतो. दोरीने गळा आवळला तर तो आडवा, मानेभोवती फिरलेला. स्पिल्सबरींना वळच दिसला नाही. पुरलेले प्रेत पुन्हा काढल्यावर डॉ. ब्राँटे यांना तो दिसला. स्पिल्सबरींच्या मते त्या कातडीच्या घड्या होत्या. ज्यूरीने त्यांचेच मानले. थॉर्न फाशी गेला.

पुढचे प्रकरण याहून अवघड. १९२९ साली मार्गेट येथील हॉटेलात आग लागून साठी उलटलेल्या श्रीमती फॉक्स दगावल्या. त्यांचा विमा त्याच मध्यरात्री संपणार होता. श्वासनलिकेत काजळी नव्हती, म्हणजे मृत्यू आगीपूर्वीचा. स्वरयंत्रामागे डाग दिसला, अर्थात मुलाने गळा दाबला, असे स्पिल्सबरींनी सांगितले. इतर डॉक्टरांनी पाहिले तेव्हा डाग नव्हता! तो कुजण्यात नाहीसा झाला, हे त्यांचे उत्तर. म्हातारपणी ठिसूळ होणारे गळ्यातले कंठिकास्थी हे हाडही शाबूत होते. १९३० मध्ये मुलगा फाशी गेला. तो दोषी असेलही. पण डाग पाहणारा एकच.

माझे वडील शवागारात कामाला आहेत, शिक्षण चौथीपर्यंत. पवईच्या आमच्या खोलीत त्यांना हे वाचून दाखवले, तर मान आधी उघडली की शेवटी, एवढेच त्यांनी विचारले. आज डोके आणि छाती आधी उघडून रक्त निथळू देतात, मग मान थराथराने सोडवतात. नाहीतर कापताना रक्त झिरपून नेमका स्वरयंत्रामागे खोटा डाग उमटतो. प्रिन्सलू आणि गॉर्डन या डॉक्टरांनी हे १९५१ मध्ये प्रसिद्ध केले. फॉक्सबाईंचा डाग तसलाच होता, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. वडीलही तसे म्हणाले नाहीत.

स्पिल्सबरींना हे वाचायला मिळाले नाही. दोन मुलगे गमावलेल्या, आजाराने खचलेल्या या माणसाने १७ डिसेंबर १९४७ रोजी आपल्या प्रयोगशाळेतच जीवन संपवले. मोठा ग्रंथ लिहायचा म्हणून त्यांनी हजारो कार्डांवर टिपणे करून ठेवली होती. ग्रंथ झाला नाही.