लाल केसांचे फादर विवाल्डी

रेकॉर्डर म्हटले की आपल्याला आवाज टेपवर उतरवून घेणारे यंत्र आठवते. युरोपात मात्र याच नावाचे एक जुने लाकडी वाद्य आहे. बासरी आपण आडवी धरतो. रेकॉर्डर पाव्यासारखा उभा धरून टोकाकडून फुंकतात. या छोट्या वाद्यासाठी सुरेख कॉन्चेर्तो रचणारे अंतोनियो विवाल्डी हे कॅथलिक धर्मगुरू होते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसेल. कॉन्चेर्तो म्हणजे एकटा वादक आणि वाद्यवृंद यांचा जणू संवाद. त्याचे बहुधा तीन भाग असतात : जलद, संथ आणि पुन्हा जलद.

विवाल्डी यांचा जन्म ४ मार्च १६७८ रोजी व्हेनिस येथे झाला. बाळ जगते की नाही अशी भीती वाटल्याने सुईणीने घरीच त्याचा स्नानसंस्कार केला. वडील आधी न्हावी होते, पुढे ते संत मार्क यांच्या महामंदिरात व्हायोलिन वाजवू लागले. १७०३ साली विवाल्डी यांना गुरुदीक्षा मिळाली. केस तांबडे असल्यामुळे लोक त्यांना लाल फादर म्हणत.

पण छातीच्या विकाराने त्यांचा पिच्छा सोडला नाही. मिस्सा चालू असताना तीन वेळा त्यांना वेदी सोडून जावे लागले. थोड्याच वर्षांत त्यांनी मिस्सा करणे थांबवले. लोकांत कुजबुज सुरू झाली. मिस्सा न करणे आणि एका गायिकेशी असलेली मैत्री या कारणांवरून १७३७ साली कार्डिनल रुफ्फो यांनी त्यांना फेरारा शहरात येण्यास मनाई केली. विवाल्डी यांनी पत्र लिहून आपल्या आजाराची हकिगत सांगितली व गैर काही नसल्याचे कळवले. त्यांचा न्याय करणारे आपण कोण? आपण त्यांचे काम पाहावे.

दीक्षेच्याच वर्षी ते पिएता या अनाथाश्रमात व्हायोलिनचे शिक्षक झाले. आईबापांनी टाकून दिलेल्या मुली तेथे वाढत. त्या जाळीआड बसून वाजवत आणि त्यांना ऐकायला दूरदेशीचे प्रवासी येत. विवाल्डी यांनी सुमारे ५०० कॉन्चेर्तो रचले, त्यांतले पुष्कळ या मुलींसाठी. ज्यांना कोणी आपले म्हटले नाही, त्यांच्या हाती फादरांनी उत्तमातले उत्तम दिले.

१७४१ साली व्हिएन्ना येथे दारिद्र्यात त्यांचे निधन झाले. २८ जुलै रोजी अगदी साधेपणाने दफन झाले आणि जग त्यांना विसरले. १९२६ साली उत्तर इटलीतील सालेशियन फादरांच्या एका शाळेने जुने संगीतग्रंथ विकायला काढले, तेव्हा त्यांत विवाल्डी यांची हस्तलिखिते सापडली. ती तुरीन येथील ग्रंथालयासाठी घेण्यास रोबेर्तो फोआ यांनी आपल्या मृत बाळाच्या स्मरणार्थ पैसे दिले. उरलेला अर्धा संग्रह १९३० साली फिलिप्पो जोर्दानो यांनी मिळवून दिला, तोही आपल्या मृत मुलाच्या नावाने. दोन बापांच्या दुःखातून हा ठेवा जगाला परत मिळाला.

रेकॉर्डरचे कॉन्चेर्तो याच संग्रहात आहेत. फ्रान्स ब्रुगेन (१९३४–२०१४) आणि मिकाला पेट्री यांनी केलेली ध्वनिमुद्रणे आज मोबाईलवरही ऐकता येतात. सुरुवात आर. व्ही. ४४३ या क्रमांकाच्या कॉन्चेर्तोने करावी. तो सर्वांत लहान रेकॉर्डरपैकी एकावर वाजवतात. जलद भागांत सूर चिमण्यांच्या किलबिलाटासारखे धावतात. वादक श्वास घेतो तरी केव्हा, असा प्रश्न पडतो. संथ भागात मात्र प्रत्येक सुरामागचा श्वास जाणवतो. ज्यांना स्वतःला दम पुरत नव्हता, त्यांनी हे केवळ फुंकरीवर जगणारे संगीत लिहिले. रविवारी दुपारी घरातील मुलांना सोबत घेऊन दहा-बारा मिनिटे ते जरूर ऐका, आणि फादर विवाल्डी यांच्यासाठी एक छोटी प्रार्थना करा.